पानकिड्याचं नाव खोडताना

परवा मी पुण्याला जाऊन आले. तुम्हाला न विचारता केलेला माझा हा पहिला प्रवास. तुमच्या टेबलावरचे कागद, अंड्यांच्या दोन डब्या आणि कापसात ठेवलेले पानकिडे घेऊन तुमच्या प्रोफेसरसाहेबांकडे गेले होते. तिथं त्यांच्यासमोर बसून तुमच्या कागदावरचं एक नाव मी माझ्या हातानं खोडलं. ते तुम्ही दिलेलं नाव होतं आणि माझ्यावरून दिलेलं होतं. दुसऱ्या कुणाकडून हे तुमच्या कानावर जायची सोय आता राहिलेली नाही, म्हणून मीच लिहून सांगते आहे.

तुम्ही गेलात त्याला सव्वा महिना झाला. लोक अजून येतात. शाळेतले मास्तर म्हणतात, फार शिस्तीचा माणूस. आळीतल्या बायका म्हणतात, कधी मान वर करून बोलले नाहीत. मी ऐकून घेते. यातलं काही खोटं नाही, पण ज्या माणसाशी मी सोळा वर्षं संसार केला तो यात कुठं दिसत नाही. शाळेतून आल्यावर टोपीसुद्धा न काढता परसात जाणारा, मी ताट वाढलेलं असताना भिंग घेऊन पेरूच्या पानाला नाक लावून उभा राहणारा, 'आलो' म्हणून अर्धा तास न येणारा. त्या माणसाबद्दल बोलायला माझ्याकडे कुणी येत नाही. म्हणून तुमच्याशीच बोलते.

लग्न होऊन भोरला आले तेव्हा मला अक्षरओळख नव्हती. किकवीला आमच्याकडे मुलींना शाळेत घालायची रीत नव्हती. माझं माहेरचं नाव ठकू. लग्नात तुम्ही ताटातल्या तांदळात बोटानं 'इंदू' असं लिहिलंत आणि मला ते वाचता आलं नाही. करवलीनं कानात सांगितलं तेव्हा मला माझं नाव कळलं.

भोरच्या घरामागं पेरूचं झाड होतं. आत्याबाई, म्हणजे तुमच्या आई, आपलं घर लावून द्यायला पासलीहून, तुमच्या गावाहून, आल्या होत्या. मी पेरू काढायला हात घातला आणि एक पान चालायला लागलं. गुरानं हा किडा खाल्ला तर जनावर दगावतं असं आमच्याकडे म्हणायचे, म्हणून मी दगड उचलला. तुम्ही धावत येऊन माझं मनगट धरलंत. भर दिवसा, आईसमोर. आत्याबाई तोंड फिरवून घरात गेल्या. आपण काय केलं याचा तुम्हाला मात्र पत्ता नव्हता. किडा तळहातावर घेऊन तुम्ही त्यावर हळूच फुंकर घातलीत आणि तो वाऱ्यातल्या पानासारखा डुलायला लागला.

"शिरा बघ," तुम्ही म्हणालात. "कडेला करपल्यासारखं केलंय तेही बघ. पान व्हायचं तर त्यात यानं काही कसर ठेवलेली नाही."

मी किड्याकडे बघत नव्हते. माझं मनगट अजून तुमच्याच हातात होतं.

त्या दिवशी घरात किडे आले ते पुन्हा गेलेच नाहीत. दुधाचं जाळीचं कपाट तुम्ही त्यांना दिलंत आणि मी वर्षभर दूध शिंक्यात टांगलं. तुमचे वडील वारले म्हणून तुम्हाला कॉलेज दोन वर्षांत सोडून मास्तरकी धरावी लागली होती, हे मला आत्याबाईंनी सांगितलं. तुम्ही कधी बोलला नाहीत. पण टपालानं प्रोफेसरसाहेबांची पुस्तकं आली की तुम्ही ती आधी हातात धरून नुसते बसायचात, ते मी स्वयंपाकघराच्या दारातून बघत असे.

मला अक्षर आलं ते तुमच्या चिठ्ठ्यांवरून. लोक 'ग म भ न'पासून शिकतात, मी 'पेरू, भोर, परस, मादी' यापासून शिकले. प्रत्येक डबीवर चिठ्ठी लागायची. तुम्ही सांगायचात आणि मी काढायचे. माझा 'भ' तुम्हाला शेवटपर्यंत 'म'सारखा वाटत आला.

गट पाडणं म्हणजे काय ते तुम्ही मला एकदा भाजी निवडताना समजावून सांगितलंत. माणसाला आडनाव असतं आणि नाव असतं. आडनावावरून घराणं कळतं, नावावरून माणूस. किड्यांचंही तसंच. जगातल्या सगळ्या पानकिड्यांची घराणी लावायचं काम अजून अर्धंच झालेलं आहे, बाहेरदेशच्या लोकांनी दोनचार वाळलेले किडे बघून नावं देऊन टाकली आहेत, आणि आपल्या डोंगरातले जिवंत किडे कुणी नीट पाहिलेच नाहीत. हे सांगताना तुमच्या हातातली मेथीची काडी तशीच राहिली होती. भाजी मीच निवडली.

आपली मुलगी अकरा दिवसांची होऊन गेली. बारशाच्या आदल्या दिवशी. पाळणा दारात आणून ठेवलेला होता. तिला नाव नव्हतंच, त्यामुळे तिच्याबद्दल बोलायला आपल्याला शब्दही नव्हता. तुम्ही 'ती' म्हणायचात, मीही 'ती' म्हणायचे, आणि मग तेही बंद झालं. तुमच्या मनात तिचं काय नाव होतं ते मी विचारलं नाही. माझ्या मनात काय होतं ते तुम्ही विचारलं नाहीत.

त्यानंतर चार वर्षांनी तुम्हाला परसातल्या पेरूवर अरुंद अंगाचा पानकिडा सापडला. नेहमीचा रुंद असायचा, वडाच्या कोवळ्या पानाएवढा, आणि त्याला बाहेरदेशच्या कुणा माणसानं पूर्वीच नाव दिलेलं होतं. हा अरुंद होता, पायांवरच्या पानासारख्या पाळ्या वेगळ्या, रंग पिवळट. तुम्ही तो निराळा ठरवलात, लेख लिहिलात, प्रोफेसरसाहेबांनी तो पुढं पाठवला आणि छापून आला. तुम्ही मला ओळीवर बोट ठेवून दाखवलंत. परक्या लिपीतलं लांबलचक नाव आणि त्याच्या शेवटी माझं नाव, शेपूट लावलेलं.

"मुलाला बापाचं नाव लागतं," तुम्ही म्हणालात. "याला तुझं लागलंय. आता शंभर वर्षांनी कुणी हा किडा हातात घेतला तरी तुझं नाव घेतल्याशिवाय त्याला पुढं जाता यायचं नाही."

मी उठून घरात गेले आणि चुलीपुढं बसून राहिले. तुम्हाला वाटलं मला आवडलं नाही. असं नव्हतं. मला काय वाटलं ते सांगायचं राहून गेलं, आणि मग ते सांगायची वेळ अशी कधी आलीच नाही.

मग तुम्ही मोठं काम काढलंत. त्या अरुंद किड्याचा नुसता प्रकार नव्हे, नवा गटच मांडायचा. घराणंच निराळं. सहा वर्षं ते चाललं. शाळेला सुटी लागली की आपण पासलीला जायचो, तुम्ही जांभळींखाली फिरायचात, आणि गावातली माणसं आत्याबाईंना विचारायची, "पोरगं झाडावर काय शोधतंय?" त्या सांगायच्या, "त्याचं काय हरवलंय त्ये त्यालाच ठावं."

किडे पाळायचं काम माझ्याकडे होतं. कपाटाखाली पडलेली अंडी रोज सकाळी सुपात घ्यायची, विष्ठा वेगळी करायची, अंडी ओलसर वाळूत पुरायची. चारपाच महिन्यांनी त्यातून काळसर तांबडी पिल्लं निघतात आणि पान खाल्लं की हिरवी होतात. पहिल्यांदा ती हिरवी झालेली बघून मी तुम्हाला शाळेत निरोप धाडला होता आणि तुम्ही काहीतरी अपघात झाला समजून पळत आलात.

तीन वर्षांमागच्या दिवाळीत आत्याबाई पासलीहून टोपलीत जांभळीच्या डहाळ्या घेऊन आल्या. डोंगर ओलांडून चालत. डहाळ्यांवर पाच किडे होते. "हे घे तुझं देव," त्या तुम्हाला म्हणाल्या. तुम्ही बघितलंत आणि थोडे हिरमुसलात, कारण ते नेहमीच्या रुंद किड्यासारखेच होते. चिठ्ठी लावून तुम्ही ते रुंदांत घातलेत. पण मी आठवड्यानं सूप घेतलं आणि माझा हात थांबला. आपल्या पेरूवरच्या किड्यांचं अंडं अंबाडीच्या बियासारखं, कोनाकोनाचं, तपकिरी. या पासलीच्या किड्यांचं अंडं लांबट होतं आणि त्याला कडेनं केसाळ झालर होती, गाजराच्या बियाला असते तशी. मी ती वेगळ्या डबीत ठेवली. तुम्हाला लगेच बोलले नाही. मला वाटलं, आपण अडाणी, आपल्याला काय कळतं.

पण मग मला स्वस्थ बसवेना. परसातल्या एका रुंद मादीला मी एकटीला वेगळ्या कुंडीवर ठेवलं, फडकं बांधून. तिची अंडी वेगळ्या गाडग्यात घातली. वर्ष गेलं. त्यातून जी पिल्लं वाढली त्यात चार रुंद झाली आणि तीन अरुंद. उन्हाळ्यात करपलेली पानं ज्यांच्या वाट्याला आली ती अरुंद. एकाच आईची. तीच पिवळट रंगाची, त्याच वेगळ्या पाळ्यांची, माझ्या नावाची.

मी आणखी एक वर्ष थांबले आणि पुन्हा तेच करून पाहिलं. पुन्हा तेच झालं. मग गेल्या शिमग्यानंतरच्या एका रविवारी, तुमचं जेवण झाल्यावर, मी टेबलावर सगळं मांडलं.

"हे दोन्ही एकाच आईचे आहेत," मी म्हणाले.

"दुसऱ्या मादीची अंडी मिसळली असतील."

"फडकं मी बांधलं होतं. गाडगं वेगळं होतं."

"मग तुझ्या हातून कुठंतरी चूक झाली असेल."

"दोनदा? आणि ही अंडी बघा. पासलीचे तुम्ही रुंदांत घातलेत. दिसायला तसेच आहेत, पण अंडं बघा."

"मी अंड्यांवरून गट पाडायला बसलेलो नाही."

"तुमच्या आईला विचारा," मी म्हणाले. "भाताची रोपं सगळी सारखीच दिसतात. दाणा हातात घेतला की कळतं आंबेमोहर कुठला आणि पटणी कुठला. तुम्ही पानावर भुललात. जे मुळात पानासारखं दिसायलाच जन्माला आलंय त्याच्या पानपणावर कसा विश्वास ठेवायचा?"

हे शेवटचं बोलायला नको होतं. तुमचा चेहरा उतरला. तुम्ही उठून उभे राहिलात आणि म्हणालात, "हे सुपात दाणे निवडणं नव्हे, इंदू." मग दाराशी जाऊन थांबलात, आणि माझ्याकडे न बघता म्हणालात, "तुझं नाव पुसायला तूच कशी निघालीस?"

मला तो टोमणा वाटला. माझी पायरी दाखवली असं वाटलं. मी मांडलेलं सगळं गोळा केलं आणि पुढं पाच महिने त्याबद्दल एक अक्षर बोलले नाही. तुम्हीही नाही. पाणी तापलं का, भाकरी वाढ, आज शाळेला उशीर होईल, एवढंच. संध्याकाळी तुम्ही कागद पुढं घेऊन बसायचात. मला वाटायचं, लिहिताहेत, हट्टानं लिहिताहेत. मी मुद्दाम भांडी जरा मोठ्यानं घासायचे.

भाद्रपदात तुम्हाला ताप आला. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी विषमज्वर सांगितला. आत्याबाईंना निरोप गेला, त्या आल्या आणि तुमच्या पायथ्याशी बसल्या त्या उठल्याच नाहीत. दुसऱ्या आठवड्यात एका सकाळी ताप उतरल्यासारखा वाटला. तुम्ही माझ्याकडे दोन्ही डब्या मागितल्यात. भिंगही मागितलंत, पण ते धरायला हातात जोर नव्हता, म्हणून मी धरलं. आधी परसातली अंडी, मग पासलीची. तुम्ही पुष्कळ वेळ बघितलंत. मी वाट बघत होते. तुम्ही दोन्ही डब्या छातीवर शेजारी शेजारी ठेवल्यात आणि विचारलंत, "पेरूला पाणी घातलंस का?" मी हो म्हणाले. तुम्ही डोळे मिटलेत.

तिसऱ्या दिवशी तुम्ही गेलात.

मला तेव्हापासून एकच छळत होतं. तुम्ही त्या डब्या मागितल्यात ते मान्य करायला, की मी चूक आहे हे पुन्हा एकदा बघायला? मी भिंग धरलं होतं, तुमचा चेहरा माझ्यापासून वीतभर होता, आणि सोळा वर्षांत मला तो वाचता आला नाही. मी विचारायला हवं होतं. आजारी माणसाला काय विचारायचं म्हणून गप्प राहिले. खरं सांगायचं तर आजारपणामुळे नव्हे. माझाही राग गेलेला नव्हता. तुम्ही अंथरुणाला खिळलेले असताना माझा राग गेलेला नव्हता, हे मी कुणाला सांगू?

तेराव्यानंतर पाहुणे गेले. आत्याबाई राहिल्या. मी टेबलावरचे कागद आवरले. शेवटचं पान अर्ध्या वाक्यात तुटलेलं होतं. हे असंच पाठवलं तर तुमच्या नावानं नवा गट छापून येईल, आणि तो चुकीचा असेल. अंड्यांबद्दल मी लिहून काढलेली दोन पानं त्याला जोडली तर तुमचा गट राहणार नाही, आणि तुम्ही छापलेलं नावही राहणार नाही, कारण एकाच किड्याला दोन नावं झाली की आधीचं टिकतं आणि नंतरचं जातं. हा नियम तुम्हीच मला शिकवला होता. मी चार दिवस कागद बांधले आणि सोडले.

पाचव्या दिवशी आत्याबाई म्हणाल्या, "काय चाललंय तुजं त्या कागदांचं?"

मी सांगितलं. त्यांना गट आणि नावं यातलं फार कळलं नाही, पण अंड्यांचं कळलं. दोन्ही डब्यांतलं एकेक अंडं त्यांनी बोटांत फिरवलं आणि म्हणाल्या, "ह्ये बी येगळंच हाय की. यात बघायचं काय?"

"पण हे सांगितलं तर त्यांची चूक छापून येईल."

"न्हाई सांगितलं तर?"

"चूक तशीच राहील. पुढचा कुणी तिच्यावर आणखी काही रचील."

त्यांनी डब्या बंद केल्या. "माज्या पोरानं पंधरा-सोळा वर्सं ह्ये किडं पाळलं. त्ये खोट्यावर उभं ऱ्हायचं आसंल तर नगं. जा तू पुण्याला."

"मी? आत्ता? लोक काय म्हणतील?"

"लोकांला म्हनू दे. म्या येते संगं."

तुमच्या आईनं साठ वर्षांत कधी मोटारीत पाय ठेवला नव्हता. पांढऱ्या कपाळाची मी आणि टोपलीवर पदर झाकून बसलेल्या त्या. कात्रजच्या चढावर त्यांना मळमळायला लागलं तेव्हा त्यांनी टोपली माझ्याकडे दिली नाही, उलट आणखी घट्ट धरली.

प्रोफेसरसाहेब तुमच्या सांगण्यावरून मला फार उंच वाटले होते. ते ठेंगणे आहेत आणि त्यांचे हात थरथरतात. तुम्ही गेल्याचं त्यांना पत्रानं कळलं होतं. आम्हाला त्यांनी खुर्च्या दिल्या, आत्याबाई जमिनीवरच बसल्या. त्यांनी किडे बघितले, अंडी बघितली, माझी दोन पानं वाचली. मग चष्मा काढून म्हणाले, "बाई, हे पाठवलं तर तुमच्या नावाचा किडा राहणार नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे ना?"

"ठाऊक आहे."

"आणि तरी?"

"त्यांनीच शिकवलंय मला. आधीचं टिकतं, नंतरचं जातं."

ते उठले, कपाट उघडून पत्रांचा गठ्ठा काढला आणि त्यातलं एक माझ्यापुढं ठेवलं. तुमचं अक्षर होतं. वर वैशाख लिहिला होता. म्हणजे आपल्या भांडणानंतर दीड महिना.

ते पत्र मी आता पाठ म्हणू शकते. 'आमच्या मंडळींनी अंड्यांवरून दाखवलेला फरक मी तीनदा तपासला. त्यांचं बरोबर आहे. माझा गट उभा राहत नाही, आणि मी लिहिणं थांबवलं आहे. पासलीचा किडा खरा नवा आहे, तो त्यांनी शोधला. हे मी त्यांना अद्याप बोललो नाही, कारण बोललो की त्या त्याच दिवशी नाव काढायला लावतील. आमच्या घरात नाव ठेवण्याचा प्रसंग एकदा आला आणि हुकला. त्यानंतर दिलेलं हे एवढंच नाव आहे. ते राखता येईल असा एखादा नियम किंवा अपवाद असल्यास कृपा करून कळवावं.'

"तुम्ही काय उत्तर दिलंत?" मी विचारलं.

"असा नियम नाही, असं लिहिलं," प्रोफेसरसाहेब म्हणाले. "दुसरं काय लिहिणार होतो? नंतर वाटलं, निदान चार दिवस उशिरा तरी पाठवायला हवं होतं."

ते उत्तर कधी पोचलं असेल ते मला हिशेबानं लक्षात आलं. ज्येष्ठात तुम्ही एक दिवस शाळेतून लवकर आलात आणि काही कारण नसताना म्हणालात, चल, तुला किकवीला नेऊन आणतो. बैलगाडीत तुम्ही वाटभर काही बोलला नाहीत. माझ्या आईच्या ओसरीवर बसून तुम्ही मला विचारलंत, "इथं तुला अजून ठकू म्हणतात का गं?" मी हसून हो म्हणाले. मला वाटलं, भांडण मिटवायची ही तुमची पद्धत. तुम्ही सांगायला आला होतात, होय ना? सांगायला आला होतात आणि माझ्या हसण्यावर परत फिरलात.

आणि पाच महिने संध्याकाळी तुम्ही जे कागद पुढं घेऊन बसायचात, त्यावर तुम्ही काही लिहीत नव्हताच. ते तुटलेलं वाक्य तापानं तोडलेलं नव्हतं. शिमग्यानंतरच्या त्या रविवारीच ते तुटलं होतं, आणि मी आत भांडी आपटत होते.

प्रोफेसरसाहेबांनी टाक पुढं केला. मी तुमच्या कागदावर ते नाव शोधलं. आता मला ती लिपी थोडी लागते. मी त्यावरून एक रेघ मारली, सरळ, तुम्ही चुकलेल्या चिठ्ठीवर मारायचात तशी, खालचं अक्षर वाचता येईल अशी. तुम्ही म्हणायचात, खोडलेलंही दिसायला हवं, म्हणजे माणूस कुठून कुठं आला ते कळतं.

पासलीच्या किड्याचं काय, असं त्यांनी विचारलं. विलायतेत लढाई सुरू झाली आहे, तिकडच्या संग्रहातल्या किड्यांशी ताडून बघायला पेटी पाठवायची सोय नाही, तेव्हा हे काम लगेच व्हायचं नाही, असंही म्हणाले. आत्याबाई जमिनीवरून म्हणाल्या, "त्याला माज्या सदाचं नाव द्या की."

"देणाऱ्याला स्वतःचं देता येत नाही," प्रोफेसरसाहेब म्हणाले. "पण आता देणाऱ्या या आहेत. यांना देता येईल."

दोघंही माझ्याकडे बघायला लागले. मी म्हणाले, "पासलीच्या किड्याचा नर अजून मिळालेला नाही. नर मिळाल्याशिवाय वर्णन पुरं होत नाही. यंदा जांभळींवर शोधते. मग बघू." तुम्ही असतात तर हेच म्हणाला असतात. प्रोफेसरसाहेब हसले आणि चष्मा पुसत राहिले.

निघताना त्यांनी ते पत्र मला दिलं.

येताना मोटारीत गर्दी होती. कात्रजचा बोगदा मागं पडल्यावर आत्याबाईंनी विचारलं, "काय लिवलं व्हतं त्येनं? वाच मला."

मी वाचलं. मोटारीच्या आवाजात मोठ्यानं वाचावं लागलं. त्या शेवटपर्यंत पुढं बघत ऐकत होत्या.

"म्हंजी त्याला पटलं व्हतं."

"हो."

"आन तुला बोलला न्हाई."

"नाही."

मी पत्राची घडी घातली. मग त्या म्हणाल्या, "माज्या पोटचा, पर त्याच्या मनातलं मला कदी कळलं न्हाई. म्या म्हनायची, तुला तरी कळत आसंल."

"मलाही नाही कळलं, आत्याबाई."

त्यांनी पदराखालून माझा हात धरला. तुम्ही गेल्यापासून आम्ही दोघी एकमेकींसमोर रडलो नव्हतो, एकीचं बघून दुसरी मोडेल म्हणून. तिथं मात्र आवरलं नाही. कापूरहोळला मोटार थांबली, माणसं चढली, उतरली, आमच्याकडे बघत राहिली, आणि आम्ही दोघी हात धरून मोठ्यानं रडत होतो. तुम्ही असतात तर संकोचानं खिडकीबाहेर तोंड केलं असतंत, आणि आमच्याशी आपला काही संबंध नाही असं दाखवत डोळे पुसले असतेत. मला तेवढं तरी एकदा बघायला मिळायला हवं होतं.